तारीख नसलेली निवडणूक

शनिवारी सकाळी विकिपीडियावरची माझी धूळपाटी साफ करायला बसलो. (धूळपाटी म्हणजे कच्चं लिखाण ठेवायचं पान. हा शब्द ज्याने कुणी शोधला त्याला माझ्याकडून एक कटिंग.) तिथे एक जुना मसुदा सापडला. नाव, 'पुणे महानगरपालिकेची पुढची निवडणूक'. शेवटचा बदल सप्टेंबर २०२२. म्हटलं डिलीट करावा. मग वाचत बसलो, आणि सकाळ गेली.

तर झालं असं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात बाबा वाईहून आमच्याकडे सूसला राहायला आले होते. बाबा निवृत्त मास्तर. नव्या जागी गेले की दोन दिवसांत त्यांना तीन पत्ते लागतात: किराणावाला, न्हावी आणि मेंबर. पहिले दोन त्यांनी स्वतःच शोधले. तिसरा मला विचारला.

"आपला मेंबर कोण रे इथला?"

"कोणी नाही."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही हो बाबा, खरंच कोणी नाही."

सूस आणि आणखी २२ गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, म्हणजे सरपंच आणि पंचायतीचे मेंबर गेले. पालिकेची निवडणूक त्याआधी झाली होती फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेव्हा आम्ही हद्दीतच नव्हतो. आणि १४ मार्च २०२२ ला त्या सभागृहाचीही मुदत संपली. मग आयुक्त हेच प्रशासक. अख्ख्या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नाही.

"मग निवडणूक कधी आहे?"

"तारीख नाही."

"तारीख नाही म्हणजे निवडणूकच नाही की!"

झालं. हे वाक्य डोक्यात किडा सोडून गेलं. डेटाबेसशी खेळणाऱ्या माणसाला हे पटणं शक्य नाही. तारखेच्या रकान्यात नल आहे म्हणून आपण अख्खी रो उडवत नाही. रोच नसणं वेगळं आणि रो असून तारीख नल असणं वेगळं. आणि ही रो मी मनाने घातलेली नव्हती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यू मध्ये ती आहे: पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि नवी निवडणूक ती संपायच्या आत पूर्ण व्हायला हवी. 'आत'! म्हणजे निवडणूक भविष्यातली नव्हतीच, ती उशिरा आलेली होती. त्याच रात्री धूळपाटीत पान सुरू केलं.

इंग्रजी विकिपीडियाचा याबाबत एक धोरणवजा नियम आहे, की विकिपीडिया म्हणजे भविष्य सांगणारा काचेचा गोळा नव्हे. पुढे घडणारी घटना दखलपात्र हवी आणि ती घडणं जवळजवळ नक्की हवं, तरच पान. तारीख माहीत नसेल तर शीर्षकात सरळ 'नेक्स्ट' लिहितात. ब्रिटनचंच घ्या. २०२४ मध्ये निवडून आलेलं संसदगृह कायद्याने फार तर पाच वर्षं चालणार, त्यामुळे पुढचं मतदान १५ ऑगस्ट २०२९ च्या पुढे जाऊ शकत नाही. त्याआधी कधीही. तारीख नाही, पण कुंपण आहे. अशा पानाला माझी काहीच हरकत नाही.

बाबांची होती. त्यांच्या लेखी कोश म्हणजे मराठी विश्वकोश. वाईचा माणूस, त्यात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींबद्दल प्रचंड आदर. १९७६ ला पहिला खंड निघाला तो प्रसंग आमच्या घरात लग्नासारखा सांगितला जातो. "कोशात झालेलं लिहितात रे. होणारं पंचांगात," हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा, छापील कोशाला नाइलाज आहे, एकदा छापलं की संपलं. आमचं पान रोज बदलता येतं. ते म्हणाले, "रोज बदलता येतं म्हणून रोज चुकायचं का?"

आणि मी चुकत होतो हो! मसुद्यात एक भलंमोठं कोष्टक होतं. ५८ प्रभाग, १७३ जागा, तीन सदस्यांची पद्धत. दोन वीकेंड घालून बनवलं होतं. सरकार बदललं, ऑगस्ट २०२२ मध्ये जुनी प्रभागरचना परत आणायचं ठरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे 'जैसे थे' आदेश झाला. कोष्टक कचऱ्यात. (शेवटी प्रत्यक्षात झाले ४१ प्रभाग आणि १६५ जागा.) मग कंटाळून सोडून दिलं. बाबा जिंकले असं तेव्हा वाटलं.

आता वाचताना तसं वाटत नाही. चुकलं ते सगळं 'होईल', 'असेल' छापाचं होतं. पण त्याच मसुद्यात चार ओळी होत्या: मुदत कधी संपली, कारभार कोणाकडे आहे, ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कुठल्या कोर्टात आहे, आणि कुठल्या गावांना अजून एकदाही पालिकेसाठी मत देता आलेलं नाही. यातलं एकही वाक्य खोटं ठरलं नाही. ती भविष्यातली वाक्यं नव्हतीच मुळी.

तारीख असणं म्हणजे नक्की असणं, हेही खरं नाही. पॅलेस्टाइनमध्ये २२ मे २०२१ ही संसदीय मतदानाची तारीख रीतसर जाहीर झाली होती. एप्रिलअखेर महमूद अब्बास यांनी ती निवडणूक पुढे ढकलली. आधीची जानेवारी २००६ मधली. उलट एरिट्रिया. १९९७ मध्ये संविधान संमत झालं, ते अमलातच आलं नाही, राष्ट्रीय निवडणूक कधीच झाली नाही. तिथे 'पुढची निवडणूक' असं पान मी करणार नाही. पुढची म्हटलं की मागची होती असं वाटतं, आणि ते वाटणं कोशाने कुणाला फुकट देऊ नये. ते देशाच्या राजकारणाच्या पानावर, सरळ शब्दांत लिहावं.

'पुढची' हा शब्द तसाही बेभरवशाचा. ज्यांनी डॉकरमध्ये 'लेटेस्ट' टॅगवर विसंबून रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सावरलंय त्यांना सांगायला नको. :) आज एका निवडणुकीकडे बोट, उद्या त्याच नावाने दुसरीकडे.

आमची 'पुढची' अखेर आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हणून सांगितलं, तरी मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडला. सूसच्या ग्रामपंचायतीला जाऊन तोवर साडेचार वर्षं झाली होती. आणि निवडणूक झाल्यावर आपण काय लिहितो? मतदानाची तारीख, पक्ष, जागा. मधला काळ दोन निवडणुकांच्या फटीत जातो. २०१७ च्या पानावर तो बसत नाही, २०२६ च्या पानावर शोभत नाही. तो नोंदवायची जागा एकच होती, तारीख नसलेलं पान, आणि ते मी कंटाळून धूळपाटीत टाकून दिलं होतं.

मसुदा उडवला नाही. कोष्टक काढलं, चार ओळी ठेवल्या, आता त्यांना संदर्भ जोडतोय.

जानेवारीत निकाल लागला तेव्हा बाबांना मुद्दाम वाईला फोन केला होता. म्हटलं, बाबा, मेंबर मिळाला. एक नाही, प्रभागाला चार.

"चार?" पलीकडे थोडा वेळ शांतता. "मग भेटायचं कोणाला?"