थेरपी बुधवारी असते

अंगणवाडीत मी वजन घेते, उंची मोजते, पोषण ट्रॅकरवर भरते. कुपोषित मूल तिथे लगेच दिसतं. हाकेला वळून न बघणारं मूल वजनानं चांगलं असलं, की आकड्यांत ते ठणठणीतच.

वाडीवरचा तो पोरगा असाच. तीन वर्षांचा, अंगानं भरलेला. बाटल्यांची झाकणं उंबऱ्यावर ओळीत लावायचा. कुणी एक जरी सरकवलं तरी डोकं आपटून घ्यायचा. हाक मारा, ढिम्म. पण खिचडीच्या पातेल्यावर पळी वाजली की धावत यायचा. घरच्यांचं निदान केव्हाच झालेलं: बापही उशिरा बोलला होता, आणि आईनं मोबाईल देऊन बिघडवला. बोट आईकडेच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे आरबीएसकेची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. 2013 पासूनचा हा कार्यक्रम, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी; जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता यांच्याबरोबर विकासातला उशीरही त्यात बघतात. डॉक्टरांनी त्याला तपासलं, सिव्हिलची चिठ्ठी दिली. सगळं फुकट. इथपर्यंत कारभार चोख. पुढचं एसटीच्या भरवशावर.

आधी कानाची 'बेरा' तपासणी. ती मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून रात्री जागवून आणा म्हणाले. आईनं रात्रभर खेळवलं, आणि पहाटेच्या गाडीत बसल्याबरोबर स्वारी तिच्या मांडीवर गाढ. मी काच उघडतेय, तोंडावर पाणी मारतेय, गाडीतली माणसं माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघतायत. दवाखान्यात पोचलो तेव्हा हा टक्क जागा. औषध पाजूनही झोपला नाही. पुन्हा तारीख.

कान चांगले निघाले. मग तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ऑटिझम सांगितला. आईचा पहिला प्रश्न: "माझ्यामुळे नाही ना झालं?" बाईंनी सासूला आत बोलावलं आणि "नाही" हे उत्तर तिच्यासमोर पुन्हा दिलं. एवढं भान सगळ्यांना नसतं.

थेरपी दर बुधवारी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण कांदालागणीच्या दिवसांत बुडालेला रोज कोण भरून देणार? काही बुधवार झाले आणि तिचं जाणं थांबलं. थेरपी केंद्राच्या वहीत मात्र 'सेवा सुरू'.

शेवटी थेरपिस्टला म्हटलं, घरी काय करायचं ते मोबाईलवर चित्रित करून द्या. त्यांनी दाखवलं: झाकणं हिसकावू नका. शेजारी बसा, एक आपणही लावा, पुढचं हातात धरून थांबा, तो तुमच्याकडे बघेपर्यंत. आता आम्ही अंगणवाडीतही तेच करतो. परवा त्यानं माझा हात धरून डब्याकडे ओढला.

आईची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं. त्यासाठी कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलतात. आरोग्य केंद्रातलं त्याचं पोस्टर दाराच्या मागे. ती गोठ्यातून फोन करते, घरात कुणी ऐकू नये म्हणून.

थेरपिस्टनं महिन्यातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावं, असं मी मासिक बैठकीत मांडलं. पर्यवेक्षिका म्हणाल्या, लेखी द्या. अर्जावर सह्या घ्यायला फिरले, तर शेजारच्या गावांतल्या आणखी काही आया पुढे आल्या. एकीचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला गाडीतल्या डॉक्टरांनी कधी बघितलंच नव्हतं. गाडी येणार कळलं की घरचे त्याला मावशीकडे पाठवून द्यायचे.