पडला तो पडला

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या शहापूर-मुरबाडकडे काय करतात, असे मुंबईचा एखादा पाहुणा विचारतो तेव्हा मी माहुलीचा किल्ला, भातसा धरण, माळशेज घाट अशी त्याच्या सोयीची उत्तरे देऊन मोकळा होतो. खरे उत्तर दिले तर तो माझ्याकडे संशयाने पाहील. आम्ही दिवाळीत फासे टाकत असू. जुगाराचे नव्हेत, क्रिकेटचे! आणि तेही एकदोन वर्षे नव्हे. १९९१ पासून २०१७ पर्यंत ओळीने सत्तावीस दिवाळ्या.

या व्यसनाचा उगम, इतर पुष्कळ व्यसनांप्रमाणे, शाळेच्या मागच्या बाकावर झाला. पुस्तक उघडायचे, डाव्या पानाचा आकडा पाहायचा आणि त्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, हा खेळ ज्याने खेळला नाही त्याने इतिहासाचे पुस्तक उघडले तरी कशासाठी, असा मला प्रश्न पडतो. डावे पान नेहमी समसंख्येचे असते. तेव्हा दोन, चार, सहा पडले तर तितक्या धावा. आठ पडले तर आमच्यात एक धाव देत. आणि शून्य पडले की गडी बाद. बाई फळ्याकडे वळल्या की एक षटक होई.

१९९१ च्या मे महिन्यात वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईला शेवटच्या डावात ३५५ धावा हव्या होत्या. सचिनने ९६ काढल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि शेवटचा गडी आबे कुरुविला धावबाद होऊन मुंबई ३५२ वर आटोपली. कपिलदेवच्या हरियाणाने दोन धावांनी पहिल्यांदा करंडक नेला. वेंगसरकरला मैदानावरच रडू कोसळले. दुसऱ्या दिवशी आमच्या शहापूरच्या ओट्यावर वडिलांनी ही बातमी मोठ्याने वाचली, वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि अंघोळीला निघून गेले. त्यांनी एखादी गोष्ट फार मनाला लावून घेतली की ते घड्या घालीत.

मी अकरा वर्षांचा होतो. सुट्टीत मुरबाडला मामाकडे गेलो तो हाच सामना पुस्तकावर पुन्हा खेळायचा निश्चय करून. मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याने दोन डाव खेळून पाहिले आणि पुस्तक मिटून ठेवले.

"हे काय क्रिकेट? यात सचिन आणि कुरुविला सारखेच!"

मग त्याने हिशेब मांडला. पाच पानांत एकदा शून्य. म्हणजे बाद होण्याआधी सरासरीने चार चेंडू. दोन, चार, सहा आणि एक मिळून तेरा. तेव्हा गडी कोणीही असो, त्याच्या वाट्याला सरासरीने तेराच धावा आणि अख्ख्या संघाला एकशेतीस. "हे क्रिकेट नाही, रेशनिंग आहे," दादा म्हणाला. तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य फार मोठे वाटेल. पण गिरणवाल्याच्या घरातली मुले हिशेबाने लवकर मोठी होतात. मामाची भाताची गिरण होती. आजोबांनी उभी केलेली, घराला लागूनच.

दादाची युक्ती अशी. 'नवा व्यापार'च्या डब्यातले दोन फासे घ्यायचे. एक मामीच्या अळत्यात बुडवून लाल करायचा. लाल फासा दशम, पांढरा एकम. म्हणजे ११ पासून ६६ पर्यंत नेमके छत्तीस आकडे, आणि प्रत्येकाची पडण्याची शक्यता सारखी. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक खेळाडूची छत्तीस घरे आखायची. वर्तमानपत्रातल्या धावफलकांवरून ज्याची जशी करणी तशी त्याची घरे. सचिनला बाद होण्याचे घर एकच, वेंगसरकरलाही एकच. बिचाऱ्या कुरुविलाला नऊ. रात्री गिरण बंद झाल्यावर कोंड्याच्या वासात बसून आम्ही आठ संघांच्या पत्रिका तयार केल्या. मुंबईच्या सलामीवीराच्या मागच्या बाजूस 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असे छापलेले होते, त्यामुळे तो शून्यावर गेला तरी मंगलच वाटे.

पुढे कितीतरी वर्षांनी अमेरिकेत नोकरीला गेलेला माझा एक विद्यार्थी सुट्टीवर आला तो एक डबा घेऊन. डब्यात बेसबॉल होता! प्रत्येक खेळाडूची पत्रिका, त्यावर त्याने खऱ्या हंगामात जसे खेळून दाखवले तसे आकडे, आणि फासे. मी थक्क झालो. चौकशी केली तेव्हा कळले की रिचर्ड साइट्झ नावाच्या गृहस्थांनी पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर गावाहून १९५१ पासून असा खेळ विकायला सुरुवात केली होती. त्यातही एक मोठा फासा आणि एक लहान, आणि आकडे ११ ते ६६! हॅल रिचमन या दुसऱ्याने अकराव्या वर्षी असाच खेळ रचायला घेतला आणि १९६१ मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने बाजारात आणला. त्याच्यात तीन फासे. एक फासा सांगतो की निकाल फटकेबाजाच्या पत्रिकेवर पाहायचा की चेंडू टाकणाऱ्याच्या. ही मात्र आमच्या डोक्यात न आलेली गोष्ट. आमच्या खेळात कपिलदेवचा चेंडू आणि कोणा ऐऱ्यागैऱ्याचा चेंडू सारखाच होता. तिकडे या खेळांच्या स्पर्धा भरतात, नव्या हंगामाच्या पत्रिकांसाठी माणसे रांगा लावतात. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे खरा सामना होईना, तेव्हा क्लीव्हलंडच्या रिकाम्या मैदानावर मंडळींनी तो फाशांवर खेळला. हे सारे वाचून मला मुरबाडच्या गिरणीत बसलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाचा अभिमान वाटला. परंतु ते त्याला सांगण्याची सोय त्या वेळी राहिली नव्हती. त्याचे कारण पुढे येईल.

आमची स्पर्धा धनत्रयोदशीला सुरू होई. आठ संघ, आठ मालक: आते-मामेभावंडे, शेजारचे दोघे आणि एक वर्ष चक्क पोस्टमन. धावफलक लिहायचे काम पहिल्यापासून दादाकडे. मामाने त्यासाठी गिरणीची एक लाल कापडी बांधणीची वही दिली होती. पहिल्याच वर्षी लक्ष्मीपूजनाला चोपड्या मांडताना मामाने न पाहता ती वहीही पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिले आणि वरच्याच पानावर 'हरियाणा सर्वबाद' वाचून कपाळाला हात लावला. "राहू दे आता. पूजा झाली तिची," मामी म्हणाली. तेव्हापासून दरवर्षी तिची पूजा होऊ लागली आणि त्यामुळे तिच्यात खोटे लिहायचे नाही असा नियमच झाला. दुसरा नियम दादाचा: फासा पाटाबाहेर गेला तरी पुन्हा टाकायचा नाही. पडला तो पडला.

स्पर्धा पाडव्याला संपे. भाऊबीजेच्या रात्री जेवणे झाली की मी आणि दादा दोघेच १९९१ चा तो शेवटचा डाव खेळत असू. मुंबई माझी. हरियाणा त्याने घेतला, कारण कोणीतरी घ्यायलाच हवा होता. बाकीची मंडळी भोवती कोंडाळे करून बसत. मुंबई कधी शंभर धावांनी हरे, कधी पाच गडी राखून जिंके. पण ओढ असे ती सामना खऱ्यासारखा रंगण्याची, आणि ते १९९६ मध्ये घडले. शेवटची जोडी, तीन धावा हव्यात, समोर कुरुविला.

वीज गेलेली होती. मी फासे टाकले. पांढरा पाटावर राहिला: एक. लाल घरंगळत दिवाणाखाली गेला. मी आडवा होऊन हात घातला. कंदिलाच्या उजेडात चार स्पष्ट दिसत होते. ४१ म्हणजे कुरुविला बाद. ३१ म्हणजे चौकार. फासा मुठीत घेऊन मी बाहेर आलो आणि म्हणालो, "तीन!"

एकच गलका झाला. वडील त्या वर्षी मुरबाडला आले होते. ते उठून उभे राहिले आणि लहान मुलासारख्या टाळ्या वाजवू लागले. दादाने माझ्याकडे पाहिले आणि वहीत लिहिले. पुढे मी बी. ए. झालो, एम. ए. झालो, मुरबाडच्याच कॉलेजात मराठी शिकवू लागलो. शहापूरहून किन्हवली-सरळगावमार्गे रोज येऊ-जाऊ लागलो. दादा बारावीनंतर गिरणीवर बसला. त्या फाशाची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

२०१८ मध्ये मामा गेला. वर्ष सरले आणि कागद निघाले. गिरण व घर आजोबांच्या नावावर. आईचा त्यात हिस्सा. तिने हक्कसोडपत्रावर सही करावी असे दादाच्या वकिलाचे म्हणणे. इकडे जमिनींना सोन्याचे भाव आले होते. आई काहीच बोलली नाही, बोललो मी. इतक्या वर्षांच्या गिरणीच्या उत्पन्नाचा हिशेब दाखव, म्हणालो. दादाने त्याच दुपारी तांदळाच्या पोत्यांवर वह्यांची चळत आणून ठेवली. "बघ." मी एका हिशेबनीस मित्राला घेऊन गेलो होतो. आम्ही तीन तास बसलो. दादाने दोनदा चहा पाठवला. एका पैशाचीही चूक निघाली नाही, आणि निघाली नाही हे मी तोंडाने म्हटले नाही. वह्या मिटून उठलो. त्यानंतर पाच वर्षे रोज त्या गिरणीवरून गेलो. मान रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. त्या बाजूला एक केशकर्तनालय आहे. त्याच्या पाटीतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका मला आजही पाठ आहेत.

आईने या काळात मला एका शब्दाने दोष दिला नाही. भाऊबीजेला ती गच्चीवर जाई आणि चंद्राला ओवाळून येई. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तसे करतात. पण तिला भाचा होता, आणि तो फार लांब नव्हता.

२०२४ च्या जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गाची हजेरी घेताना आमचे आजोळचे आडनाव माझ्याच तोंडून निघाले आणि मागच्या बाकावरून "हजर" आले. दादाचा मुलगा! वर्गात तो मला सर म्हणे. मीही इतर मुलांपेक्षा त्याच्याकडे कमी पाहिले असेन. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शेवटच्या दिवशी तो स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिला.

"काका, बाबांनी दिलंय. गिरण बंद करतोय आम्ही. जुन्या वह्या रद्दीत चालल्यात, ही नको म्हणाले."

वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल वही. हळदीचे डाग तसेच होते. मी ती घरी नेली आणि पहिल्यापासून वाचायला बसलो. सत्तावीस वर्षांचे चेंडू आणि चेंडू, एकाच वळणाच्या अक्षरात. १९९६ चे पान यायच्या आधी माझा हात थोडा थांबला. शेवटच्या चेंडूपुढे 'कुरुविला ४, मुंबई विजयी' असे शाईने लिहिलेले होते. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'फासा ४१. आत्याचे यजमान फार आनंदले. असू दे.'

दिवाणाखाली दुसऱ्या बाजूने कंदील धरून कोण बसले होते, हे मला अठ्ठावीस वर्षांत एकदाही आठवले नव्हते.

भाऊबीजेला मी आईला घेऊन मुरबाडला गेलो. दार मामीने उघडले. ती आणि आई दोघी बराच वेळ नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. ओवाळणे झाले. दादाने ताटात नोट ठेवली आणि आत्याच्या पाया पडला. मी हक्कसोडपत्राचा विषय काढणार इतक्यात आईच म्हणाली, "सहीचं माझं मी बघेन. करीन किंवा नाही करणार. तुम्ही दोघं त्यात पडू नका."

जेवणानंतर दादाने पाट मांडला. पत्रिका पिवळ्या पडल्या होत्या. लाल फाशाचा रंग उडून तो गुलाबी झाला होता.

"दादा, शहाण्णव साली तो एक्केचाळीस होता," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी तुझ्या वह्यांतही काही चुकीचं नव्हतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. दोन्हींपैकी कशाबद्दल, ते त्याने सांगितले नाही. "तिथूनच टाक. शेवटची जोडी, तीन हव्यात."

मी फासे टाकले. ५२. कुरुविलाची एक धाव. मग वेंगसरकर: निर्धाव, निर्धाव, एक धाव. दोन्ही संघ बरोबरीत. कुरुविला पुन्हा समोर. मी फासे टाकले आणि या खेपेला दोन्ही पाटावरच राहिले. दादाचा मुलगा ते पाहायला खाली वाकला.

"बावीस. पत्रिकेवर बाद आहे, काका."

"लिही मग," मी म्हणालो.

त्याने वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानाऐवजी नेमके १९९६ चे पान उघडले गेले. आदल्या आठवड्यात मीच ते इतक्या वेळा उघडले होते की वही तिथेच उलगडे. मुलगा पेन हातात घेऊन समासातली ती पेन्सिलीची ओळ वाचू लागला.

"हे खोडायचं का, बाबा?"

"खोडायचं नाही," दादा म्हणाला. "पुढचं कोरं पान घे. वर तारीख घाल."