एक मिलिमीटरचा पत्रा

गेले तीन महिने माझ्या ब्राउझरमध्ये उघडे असलेले टॅब्ज बघितले तर कोणालाही वाटेल, या माणसाने सॉफ्टवेअर सोडून भोसरीत फॅब्रिकेशनची शेड टाकलीय. तसं काही नाही (अजून तरी). बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी काही वर्षं आमच्या तळेगावच्या घरापुढे उभी आहे आणि तिचं काय करायचं हे एकदा ठरवायचं होतं. इंजिनाची तक्रार नाही, बॅटरी जोडली की दोन-चार हाका मारल्यावर ते उठतं. प्रश्न खालचा आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं की थेट अंगणातली फरशी दिसते.

बाबांचं म्हणणं, "अरे, देऊन टाक भंगारात. काय राहिलंय त्यात?" हे म्हणणारा माणूस दर दसऱ्याला तिला धुऊन-पुसून झेंडूचा हार घालतो, त्यामुळे मी ते फार मनावर घेत नाही.

एका डेंटरला दाखवली. दोन दिवसांचं काम म्हणाला. सडलेल्यावरच पत्रा टाकू, चार टाके मारू, वरून लांबी, खालून काळा कोट. "कळणारपण नाही साहेब!" मला नेमकी त्याचीच भीती वाटली. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. १९५३ साली इटलीत ती आली तेव्हापासूनच तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालचा तो पोकळ डबा आणि वरची बॉडी, सगळं मिळून चासी. म्हणजे दाराखालचा पत्रा सडला तर नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणा जातो. वरून चकचकीत आणि आत टाका धरलेलाच नाही अशा गाडीत मी बाबांना बसवून एक्स्प्रेस वेवर नेणार नाही. म्हटलं, शिकू या आपणच. मेकॅनिकलवाले मित्र हसले. हसोत बापडे.

आता वेल्डिंग कुठलं? रॉडचं मशीन स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडेसुद्धा असतं, पण गाडीचा पत्रा जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटर. नवख्या माणसाने त्याला रॉड लावला की टाक्याऐवजी भोक. गॅस वेल्डिंगने जुन्या डेंटर लोकांनी आयुष्यभर सुंदर कामं केली आहेत, पण ज्योतीची उष्णता लांबवर पसरते आणि सपाट पत्र्याचा पापड होतो. तो ठोकून परत सपाट करणं ही वेगळी विद्या. टिगचा टाका दागिन्यासारखा दिसतो, पण दोन्ही हात आणि शक्यतो एक पायही लागतो, आणि धातू लख्ख हवा. चाळीस वर्षांच्या गंजाखाली लख्ख काय असणार?

उरलं मिग. वर्कशॉपमध्ये मात्र हे नाव सहसा ऐकू येत नाही, तिथे याला 'सीओटू' म्हणतात. बंदुकीसारख्या टॉर्चमधून तार आपोआप पुढे येते, तीच वितळून टाका बनते, आणि भोवती गॅसचं आवरण असल्यामुळे हवा आत शिरत नाही. ट्रिगर दाबला, सेकंदभरात टाका, सोडला. पुढचा टाका चार इंच लांब मारायचा, मग परत मागे यायचं. पत्रा तापायच्या आत काम झालेलं असतं.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "किती अँपियरचं दाखवू?" आणि मग २५०, ४०० असे आकडे सुरू होतात, जसं काही मी हावडा ब्रिज बांधतोय. पोलादासाठी ढोबळ हिशोब एका मिलिमीटरला ४० अँपियरच्या आसपास. माझं सगळं आयुष्य ४० ते ६०च्या दरम्यान जाणार! तेव्हा मशीन वर किती जातं यापेक्षा खाली किती उतरतं आणि तिथे स्थिर राहतं का, हे विचारायला हवं. हे वाक्य मी तीन दुकानांत बोललो. दोघांनी माझ्याकडे दयेने बघितलं. तिसऱ्याने मशीन चालू करून दिलं.

घरची वीज पुरेल का, ही बाबांची शंका. ६० अँपियरला आर्कचं व्होल्टेज १७च्या आसपास, म्हणजे साधारण एक किलोवॅट. मशीनमधला तोटा धरला तरी गीझरपेक्षा कमीच. इन्व्हर्टर मशीन सिंगल फेजच्या १६ अँपियरच्या सॉकेटवर आरामात चालतं, फक्त एक्स्टेंशनची वायर जाड हवी, नाहीतर व्होल्टेज वाटेतच संपतं. ड्यूटी सायकलचाही बाऊ नको. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं सलग जाळता येतं, तेही त्या ठरावीक करंटला. सेकंद-सेकंदाचे टाके मारणाऱ्याला तिथवर पोचायचंच नसतं.

खरी गोम तारेत आणि गॅसमध्ये आहे. पातळ पत्र्याला ०.६ची तार उत्तम असं सगळं जग सांगतं. आमच्या इथे दुकानात विचारली तर "साहेब, ०.८ घ्या ना" हेच उत्तर. जी तार पुढच्या शनिवारी परत मिळेल तीच आपली. म्हणून ०.८ची साधी तार, पाच किलोचा स्पूल. पंधरा किलोचा किलोमागे स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात तळेगावात तारच गंजायला लागली तर काय घ्या?

'विनागॅस' मशीनचा मोह झाला होता. तारेच्या पोटातच फ्लक्स असतो, सिलिंडरची कटकट नाही. पण टाका गरम पडतो, ठिणग्या फार, वर मळी खरवडत बसा. उघड्यावर फाटक जोडायला ठीक. तरी मशीन दोन्ही करणारं घेतलं, कारण पोलॅरिटी बदलायची सोय हवी: साध्या तारेला टॉर्च पॉझिटिव्ह, बिनगॅसच्या तारेला बहुतेक वेळा निगेटिव्ह. आणि टॉर्च युरो कनेक्टरची, म्हणजे ती बिघडली तर कुठलीही दुसरी बसते. थोडक्यात, व्हेंडर लॉक-इन नको. :)

गॅसमध्ये नुसता सीओटू स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. त्याचा आर्क जरा राकट, खोल जाणारा. आर्गॉनमध्ये २० टक्के सीओटू मिसळलेला 'मिक्स' महाग, पण शांत, पातळ पत्र्याला मानवणारा. मी मिक्स घेतला. एक गंमत मात्र तेव्हाच कळली. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो, त्यामुळे द्रव संपत येईपर्यंत गेज जवळपास एकच आकडा दाखवतं. ९९ टक्क्यांवर अडकलेला प्रोग्रेस बार आपल्याला पाठ आहे. हा पूर्ण भरलेला दाखवून एकदम शून्यावर येतो. किती उरलाय ते वजन करूनच कळतं.

हे सगळं कागदावर. हाताचं ज्ञान दिलं समोरच्या काकांनी. तीस वर्षं कंपनीत वेल्डर होते. त्यांच्या पुतण्याच्या शेडमध्ये सहा शनिवार बसलो. काका व्होल्टेज आणि तारेचा वेग बघून नाही, ऐकून लावतात. "भजी तळल्यासारखा आवाज आला पाहिजे. फाट्‍ फाट्‍ करतंय म्हणजे तार जास्त येतेय." आणि परीक्षा एकच: दोन तुकडे जोडायचे, व्हाइसमध्ये धरायचे, टाक्यावरच हातोड्याने वाकवायचे. टाका सुटला तर नापास. शेजारचा पत्रा फाटला तर पास. दिसायला कसा आहे हे काका विचारतच नाहीत.

मशीन ठरलं ते ३० अँपियरपर्यंत उतरणारं, २००चं. बजेटचा एक तृतीयांश मुद्दाम बाजूला ठेवला: आपोआप काळं होणारं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, ग्राइंडर, आगीचं नळकांडं. याच्यात काटकसर करणाऱ्याने वेल्डिंगच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काम सुरू करताना बॅटरी काढायची, सीट-कार्पेट बाहेर, दाराखालचा डबा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकायचा, नाहीतर बॉडी बसते आणि मग दार लागतच नाही. एका वेळी एकच बाजू.

मागच्या रविवारी जोडलेले तुकडे टेबलावर ठेवले होते. बाबांनी चष्मा लावून ते उलटसुलट बघितले, मग काही न बोलता एक व्हाइसमध्ये अडकवला आणि हातोडा उचलला. चौथ्या-पाचव्या ठोक्याला पत्रा फाटला, टाक्याच्या शेजारून. त्यांनी तो बोटाने चाचपला.

"ठीक आहे," म्हणाले. "पण पेट्रोलची टाकी आधी उतरव. आणि बोल्ट टाकू नकोस, डब्यात ठेव."