मामंजींच्या घड्याळाची चेन

आमचे मामंजी तरुणपणी बोटीवर नोकरीला होते. १९६४ साली बोट एडनला लागली तेव्हा त्यांनी तिथे एक भारी स्विस घड्याळ घेतले. एडनचे बंदर त्या काळी जकातमुक्त होते. चार महिन्यांचा पगार त्यात गेला, असे सासूबाई अजून सांगतात. चेन पोलादाची आणि मधल्या कड्या सोन्याच्या. एकेका ओळीत पाच बारीक कड्या. ही घडण रोलेक्सने १९४५ साली 'जुबिली' नावाने आणली आणि मग इतरांनीही उचलली. मामंजींचे घड्याळ दुसऱ्या कंपनीचे, पण चेन त्याच घाटाची.

बोट सोडून शेती पाहू लागल्यावरही त्यांनी ते पेटीत ठेवले नाही. लावणीच्या चिखलात उतरताना तेवढे खुंटीला अडकवायचे. बाकी गवत कापणे असो की कलमांना आळी करणे असो, घड्याळ हातातच. २०११ साली ते गेले, तेव्हा चेन इतकी सैल झाली होती की आडवी धरली तर ओल्या सुंभासारखी लोंबायची.

गेल्या गणपतीत आमचा थोरला ते घालून विहिरीवर गेला. कळशी वर घेताना घड्याळ सुटले आणि काठावर पडले. वीतभर पलीकडे पडते तर पाण्यातच जाते. सासूबाई ओटीवर वाती वळीत होत्या. त्यांनी घड्याळ घेतले, कानाला लावले आणि काही न बोलता आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

यांचे म्हणणे, नवी चेन घालून मोकळे होऊ. जवळच्या शहरात एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ही ताणून लांब झालीय, कामाची नाही. नवी बसवतो. जुनी इथेच राहू द्या, मजुरी नको." आता मजुरी सोडणारा दुकानदार भेटला की मला आधी शंका येते. मधल्या कड्या सोन्याच्या, हे त्याला दिसत नव्हते थोडेच! घड्याळ उचलले आणि घरी आलो.

पुढे मुंबईला नणंदेकडे गेलो, तेव्हा तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना दाखवले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले. "ताई, मनगटावर घालून पोलाद ताणत नाही. सायकलची चेन लांब कशाने होते?"

"आतल्या पिना झिजतात," हे पटकन म्हणाले.

"तेच इथे."

घाम आणि धूळ कड्यांच्या सांध्यात शिरते. आमची तर तांबडी माती! तिचा घामात चिखल होतो आणि तो सहाणेसारखा पिना घासतो. एका सांध्याची झीज केसाएवढी, पण सांधे कितीतरी. त्यातून जुन्या काळच्या कड्या पातळ पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. आता चांगल्या चेनच्या कड्या भरीव असतात. काही कंपन्या तर कड्यांच्या आत सिरॅमिकच्या नळ्या घालतात.

मी सांगितले की दर दसऱ्याला मी ती राखेने घासून लख्ख करीत असे. घड्याळजींनी कपाळाला हात लावला. घासले की धातू जातोच. घड्याळ वेगळे करावे, चेन कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने धुवावी आणि कोरडी पुसावी, एवढे पुरे.

आणि घड्याळ पडले ते कड्यांमुळे नव्हेच. चेनच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगची बारीक कांडी असते. तिचे टोक झिजले होते. ती कांडी अगदी थोड्या पैशांत मिळते, पण इतक्या वर्षांत आम्ही कोणी ती बदलली नव्हती.

चेनला दोन उपाय होते. पकडीने कड्या दाबल्या तर चार दिवस घट्ट दिसते, मग पुन्हा सैल, आणि घाट बिघडतो तो वेगळाच. खरा उपाय म्हणजे पिना काढून, मोठी झालेली भोके भरून नव्या पिना घालणे. त्याला दोन महिने लागणार होते. खर्च ऐकून हे स्टँडपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या." खोटे नव्हते ते. माझेही मन डळमळले होते.

घरी येऊन सासूबाईंना सगळे सांगितले. त्या उठल्या, ट्रंकेच्या तळातून कागदाची पुडी काढली. आत दोन ओळी कड्या! मामंजींचे मनगट तेव्हा बारीक, म्हणून एडनच्या दुकानदाराने काढून दिलेल्या. कधी वापरल्याच नव्हत्या.

घड्याळजींना त्या नेऊन दिल्या तर ते हरखले. मूळची पिन किती जाड होती, भोक केवढे होते, याचा नमुनाच हाती आला. चेन दुरुस्त झाली. सगळी झीज भरून निघाली नाही, आडवी धरली तर अजून थोडी वाकते. त्या दोन ओळी मात्र जोडून घेतल्या, कारण थोरल्याचे मनगट आजोबांपेक्षा जाड आहे.

तो नोकरीला मुंबईला निघाला त्या सकाळी सासूबाईंनी घड्याळ त्याच्या हातात घातले आणि चेन दोनदा ओढून पाहिली.

"लावणीला येशील तेव्हा खुंटीला अडकव," म्हणाल्या.