बर्फावरचा अभ्यास

‘अभ्यास’ हा शब्द आम्हीं शाळेच्या इतका स्वाधीन करून टाकला आहे कीं, पाठ्यपुस्तकाबाहेर त्यास कांहीं अर्थ उरला असेल असें पालकांस वाटत नाहीं. संस्कृतांत अभ्यास म्हणजे पुनरावृत्ति. तीच गोष्ट पुनःपुन्हां करीत राहणें. या अर्थानें कॅनडांतील ‘फ्रीस्की’ खेळणाऱ्या तरुणांस अभ्यासू म्हणावयास मला संकोच वाटत नाहीं.

पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ जुनाच आहे. परंतु १९९० नंतरच्या दशकांत बर्फाच्या उंचवट्यांवरील स्पर्धांत डोकें खालीं करून कोलांटी घेण्यास मनाई होती, आणि ती कांहीं मुलांस जाचूं लागली. जे. पी. ऑक्लेर हा त्यांपैकींच एक. १९९८ सालीं दोन्ही टोकें वर वळलेली ‘टेनएटी’ नांवाची स्की बाजारांत आली. तिच्यावरून उलट तोंडानेंही धांवतां व उतरतां येऊं लागलें. नांव पडलें तें १०८० अंशांवरून, म्हणजे हवेंत तीन पूर्ण गिरक्या!

यांची दिनचर्या मात्र त्या नांवाइतकी दिमाखदार नाहीं. व्हिस्लरसारख्या गांवीं घरभाडें भारी. म्हणून एका घरांत अनेकांनीं दाटीवाटीनें राहावयाचें, रात्रीं उपाहारगृहांत भांडीं घासावयाचीं आणि दिवस डोंगरास द्यावयाचा. आमच्या पूर्वजांनीं वार लावून विद्या केली, त्याची येथें आठवण होते. शहरांतली तऱ्हा आणखी निराळी. एखाद्या जिन्याचा लोखंडी कठडा हेरावयाचा, फावड्यांनीं बर्फ ओढून वर धांवपट्टी व खालीं उतरण्याची जागा रचावयाची, आणि मग रात्रभर त्या एका कठड्यावरून घसरावयाचें व पडावयाचें. पदरांत पडतात ते चित्रपटांतले चार-पांच सेकंद. (शेजारी पोलिसांस बोलावतात, त्या बिचाऱ्यांचें चुकतें असें मी म्हणणार नाहीं.) २०११ च्या ‘ऑल आय कॅन’ या चित्रपटांत ऑक्लेर ब्रिटिश कोलंबियांतील लहान गांवांच्या रस्त्यांतून असा जातो कीं, तीं गांवें त्याच्यासाठींच वसविलीं असावींत.

२०१४ सालीं सोचीच्या ऑलिंपिकांत या उड्यांस गुण देणारे परीक्षक लाभले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, चिलीच्या पर्वतांत, ऑक्लेर वयाच्या ३७ व्या वर्षीं हिमलोटाखालीं गेला. स्वीडनचा आंद्रेआस फ्रान्सॉनही त्याच्यासह. दोघेही नवशिके नव्हते.

कॅमेऱ्यासाठीं जिवावर उदार होणें मला मुळींच रुचत नाहीं. हिमलोटांत पुरलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सांपडला, तरच बहुधा वांचतो. म्हणून ठरलेल्या वाटा सोडून जाणारीं जाणतीं मुलें अंगावर संकेत देणारें यंत्र, लांब काठी व फावडें बाळगतात. तसलेंच एक यंत्र बर्फांत पुरून एकमेकांस शोधावयास लावतात, घड्याळ लावून, पुनःपुन्हां. चित्रपटांत हा भाग क्वचितच दिसतो. आतां आपल्या घरांतलीं मुलेंही कॅनडांत शिकावयास जातात, आणि एखादा सुटींत मित्रांबरोबर डोंगरावर जात असल्याचें कळवितो. त्यास ‘जाऊं नकोस’ असें लिहून उपयोग नाहीं. यंत्र शोधण्याचा सराव शेवटचा केव्हां केलास, तें विचारावें; आणि उत्तर येईपर्यंत पुन्हां विचारावें.