चढा गांधार

आपल्याकडे आधी तंबोरा लागतो आणि मग गाणे सुरू होते. कोरमंगलाच्या सहाव्या ब्लॉकातील त्या माडीवर मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तारा लावणे केव्हा संपले आणि गाणे केव्हा सुरू झाले, हे कोणालाच नेमके सांगता येत नसे. तीन गिटारी, त्यांच्या मिळून अठरा तारा. आणि त्यांपैकी एखादी तरी बाहेरच्या गारव्याने नाहीतर स्वयंपाकघरातील वाफेने हललेली असायचीच. ती जागेवर येईपर्यंत कोणीतरी डब्याचे झाकण उघडी, आणि झाकण उघडले की गिटारी भिंतीला टेकत.

घर जुने होते. ‘जुने’ या शब्दाचा अर्थ कोरमंगलात फार मागे जात नाही. बंगळूर विकास प्राधिकरणाची स्थापना १९७६ सालची; त्यानंतरच्या दशकांत हे ब्लॉक भरत गेले. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे खेळाडूंची वसाहत उभी राहिली, मग संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ खाणावळी व चहाकॉफीची दुकाने इतकी आली की घरांनी संकोचून मागे सरावे. या एका घरासमोर अजून एक फणस होता आणि खाली घरमालकीण होती. तिची अट अशी की विजेवर वाजणारे काही आणायचे नाही, आणि दहानंतर तर कसलेच वाद्य नाही. त्यामुळे पोकळ लाकडाच्या, हाताच्या बळावर वाजणाऱ्या गिटारी. या अटीने त्या मंडळींचे कल्याणच केले, असे म्हणावे लागेल. ज्याचा आवाज दुसऱ्याच्या आवाजाला बुडवू शकत नाही, अशा वाद्यापाशी माणसे आपोआप जवळ सरकून बसतात.

माडीवर राहणारा गृहस्थ मूळचा मिरजेचा. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, पोटासाठी संगणकाचे काम. बाकीच्यांना एकमेकांची पूर्ण नावे ठाऊक होती की नाही कोण जाणे. हाका मारल्या जात त्या गावांवरून. मडगावचा, शिलाँगचा, बेळगावची शिक्षिका, जवळच्या सेंट जॉन्स रुग्णालयात परिचारिका असलेली त्रिशूरची, आणि खुद्द बंगळूरचा म्हणावा असा एकच, तोही आईच्या हातचे डबे घेऊन येणारा. वाजवणारे तिघे, उरलेल्यांनी गावे, ताल धरावा किंवा खावे. प्रत्येकाचे गाणे आपापल्या भाषेतले. शब्द इतरांना कळत नसत, पण ध्रुवपद दुसऱ्यांदा आले की सगळे त्यात शिरत, आणि त्या शिरण्यात शब्दांचे जे हाल होत त्यांवर मनसोक्त हसत.

बंगळुराला हे दृश्य अगदीच नवे नसावे. १६३८ साली हे शहर विजापूरच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागिरीदाखल मिळाले. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारा ‘राधामाधवविलासचंपू’ हा जयराम पिंड्ये या कवीचा ग्रंथ राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नाना देशींचे कवी राजापुढे येतात आणि जो तो आपल्या भाषेत कवने सादर करतो. जयराम स्वतः बारा भाषांत रचना करी. त्या सभेत भोजनाची व्यवस्था काय होती, ते येथे सांगण्याचे कारण नाही. पण इतक्या भाषांची माणसे एका ठिकाणी बसली म्हणजे पानात काहीतरी असणारच.

२०२५ च्या जानेवारीतील दुसऱ्या शनिवारी त्या माडीवर एक पाहुणा होता. मिरजकराचे वडील त्याच दिवशी सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने उतरले होते. पन्नासाहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडवलेले हात. मिरजेचा हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. तो करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी सरली, तेव्हा त्यांतील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्ये दुरुस्त करावयास घेतली, आणि मग स्वतःच घडवावयास. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, पूर्वी सांबरशिंगाची घोडी. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस राहत, तेव्हा त्यांच्या तिखट कानांनी या कारागिरांना अधिकच तयार केले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ती बातमी वडिलांनी मुलाला दूरध्वनीवरून सांगितली होती. मुलाने अभिनंदन केले होते. त्यापलीकडे दोघांनाही काही सुचले नव्हते.

यावेळी ते आले होते ते विचारण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. दुपारी जेवताना त्यांनी सांगून टाकले, की दुकानातील आपली बैठक आता बहिणीच्या मुलाला दिली आहे. त्याचा हात बरा बसतो आहे. कागदोपत्रीही तसे करून घ्यावे म्हणतात. मुलाने मान हलवली. वीस वर्षे जे आपल्याला नको आहे असे तो स्वतःलाच बजावत आला होता, ते खरोखरच दुसऱ्याला दिले गेले, तेव्हा त्याच्या ताटातील भाकरी तशीच राहिली. वडिलांनी ते पाहिले आणि पाणी मागितले.

संध्याकाळी मंडळी जमली. जानेवारी म्हणजे बंगळुरात अवरेकाळूचा मोसम; स्थानिकाच्या आईने भिजवून, दाबून, एकेक साल काढलेल्या पावट्यांचे सारू मोठ्या डब्यातून पाठवले होते. ज्याने हे पावटे एकदा तरी सोलले आहेत, त्यालाच त्या सारूची खरी किंमत कळते. खाणाऱ्याच्या वाट्यास आलेला एक घास म्हणजे कोणाच्या तरी बोटांचा अर्धा तास असतो. मडगावचा एरवी सोरपोतेल आणी. त्या दिवशी त्याला कोणी काही सांगितले नव्हते, तरी तो माशाचे हुमण घेऊन आला. त्रिशूरची अप्पम घेऊन आली, बेळगावची कुंदा. शिलाँगच्याकडे खासी डोंगरातील संत्री होती, कोणा येणाऱ्याबरोबर घरून पाठवलेली. वडिलांनी पिशवीतून भडंगाचे चार पुडे काढले आणि संकोचून ते एका बाजूला ठेवले. ते पहिल्या दहा मिनिटांत मध्यभागी आले.

वडील भिंतीशी बसले. घरात त्यांची बोली दखनी, दुकानात मराठी. येथे बेळगावच्या शिक्षिकेशी त्यांचे मराठीत सूत जमले. बाकीचे काय बोलतात ते ती त्यांना सांगे आणि ते काय म्हणतात ते इतरांना. शिलाँगच्याने आपली परदेशी गिटार त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती वाजवली नाही. उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेली.

“हे शिसव आपल्याकडचं आहे,” ते म्हणाले.

अनुमान बरोबर असण्याचा पुष्कळ संभव होता. ब्राझीलच्या शिसवीवर गेल्या शतकाच्या सातव्या दशकात निर्बंध आल्यापासून जगातील गिटार करणारे भारतीय शिसवीकडे वळले, आणि पश्चिम घाटातील लाकूड कर्नाटक-केरळातून सातासमुद्रापार जाऊन वाद्य होऊन परत येऊ लागले. मडगावचा म्हणाला, म्हणजे येथे बसलेल्यांत तीच खरी स्थानिक. यावर बंगळूरच्या माणसाने पावट्याचे सारू दाखवून हक्क सांगितला.

गाणे सुरू झाले. दोन गाण्यांनंतर वडिलांनी बेळगावच्या बाईंना हळूच विचारले, “षड्ज कुठं आहे यांचा?”

प्रश्न तीन भाषांतून फिरून शिलाँगच्यापर्यंत पोहोचला. त्याने सांगितले की तो एका जागी नसतो. गाण्याबरोबर तो हलतो. वडील थोडे थांबले. मग म्हणाले, “तरीच. गांधार चढा लागतोय. सगळीकडे.”

हे ऐकून शिलाँगचा आनंदाने ओरडलाच. तंबोऱ्यात खर्जाची तार छेडली की तिच्या गुंजनातून न छेडलेला एक गांधार आपोआप उमटतो. तंबोरा घडवणाऱ्याचा कान त्या स्वयंभू गांधारावर पोसलेला असतो. गिटारीत सप्तकाचे बारा समान भाग करून पडदे कायमचे ठोकलेले. सतारीचा पडदा सरकवता येतो, हा सरकत नाही. या समान वाटणीत गांधाराला त्याच्या निसर्गदत्त जागेहून वर बसावे लागते, एका पडद्याच्या अंतराच्या साधारण सातव्या हिश्श्याने. ऐकणाऱ्यांच्या कानांना त्याची इतकी सवय झालेली असते की ते कळतही नाही. शिलाँगच्याने ई स्वरावरचा मेळ धरला आणि तिसरी तार केसभर उतरवली. खोलीत एकदम शांतता आल्यासारखे झाले. बारीक वारा पडावा तसा तो मेळ स्थिर झाला. वडिलांची मान डोलली.

मग त्याने, तार तशीच ठेवून, पुढचा मेळ वाजवला. तो वाकडा लागला. जी तार पहिल्या मेळात गांधार होती ती आता पंचम होती, आणि पंचमाला उतरलेले चालत नाही. प्रत्येक मेळासाठी तार पुन्हा लावत बसलो तर गाणे कधी म्हणायचे, असे काहीसे तो म्हणाला. त्रिशूरची हसून म्हणाली, एकाचे संपूर्ण खरे करायचे तर बाकीच्यांना घरी पाठवावे लागेल. बाईंनी हे भाषांतर करून सांगितले. वडिलांनी मुलाकडे पाहिले. मुलगा खुंटी पिरगाळत होता.

त्याची गिटार कलकत्त्याकडची, पहिल्या पगारातून घेतलेली. तिची चौथी तार मोकळी छेडली की झणझणे, म्हणून तो ती मोकळी कधी छेडतच नसे. मंडळींना ती त्याच्या वाजवण्याची लकब वाटे. त्या संध्याकाळी मन ठिकाणावर नसल्याने बोट चुकले आणि तार झणझणली, दोनदा. वडिलांनी काही न बोलता हात पुढे केला. त्यांनी पहिल्या पडद्याशी तार दाबून पाहिली, झणझण गेली. सोडली, आली. म्हणजे दोष पडद्यांत नाही, खुंट्यांजवळच्या पट्टीवरच्या खाचेत. वर्षानुवर्षे तार घासून खाच खोल झाली होती. त्यांनी तार सैल केली, कुंद्याच्या पुडक्यावरचा बटर पेपर घेतला, नखाने त्याची एक पट्टी फाडली, दुमडली, खाचेत बसवली आणि तार चढवली. स्वच्छ, गोल आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वडील मात्र गिटारीकडे थोड्या नवलाने पाहत राहिले. बाईंना म्हणाले, “हाच आवाज यावा म्हणून आम्ही घोडीवर दोन-दोन दिवस कानस मारतो. जवारी लागली म्हणतो. इथं तो जावा म्हणून खटपट.”

बाईंनी हे इतरांना सांगितले की नाही, कोणाच्या लक्षात नाही. कारण तेवढ्यात अप्पम गरम होऊन आले आणि हुमणाचे पातेले मध्ये सरकले. जेवताना वडिलांच्या एका बाजूला शिलाँगचा होता. दोघांना समान अशी भाषा जवळजवळ नव्हती. तो त्यांना तारांचे वेगवेगळे जाड-बारीकपण बोटांनी दाखवीत होता आणि ते भोपळा कसा वाळवतात ते ओंजळीने दाखवीत होते. मुलगा समोरून हे पाहत होता. गेल्या वीस वर्षांत वडिलांनी त्याला त्याच्या कामाविषयी काही विचारले नव्हते आणि त्यानेही भोपळ्याविषयी. परक्या माणसाला मात्र ते चटकन विचारता येते, त्याच्या विचारण्यात हिशेब नसतो.

दहाला वाद्ये मिटली. आणखी अर्धा तास संत्री सोलण्यात गेला. मंडळी उठली तेव्हा रिकामे डबे राहू द्या, सकाळी देतो, असे मिरजकराने म्हटले. त्या सर्वांना हे सवयीचे होते.

मग दोघेच राहिले. मुलगा भांडी विसळी, वडील पुसून पालथी घालीत. बऱ्याच वेळाने मुलाने विचारले, आत्याचा मुलगा जवारी स्वतः लावतो का. वडील म्हणाले, अजून नाही. जुळवणी बरी करतो, जवारी मात्र मीच लावतो. मग थोड्या वेळाने, ताट पुसता पुसता, म्हणाले की उरुसाला ये, दर्ग्यात चिंचेखाली गाणे असते, चार दिवस आधी आलास तर दुकानात बसता येईल. उरुसाच्या आधी दुरुस्तीची गर्दी फार होते. मुलाने रजेचे बघतो असे म्हटले. ते ‘बघतो’ कोणत्या जातीचे होते, ते त्या वेळी त्यालाही कळले नसावे.

वडिलांनी चारही डबे ओळीने मांडले. उरलेला भडंगाचा पुडा फोडला आणि कोणता डबा कोणाचा, असे विचारीत प्रत्येकात दोन-दोन मुठी घातल्या. डबा रिकामा परत करायचा नसतो. पावट्यांच्या डब्याला मोठा म्हणून तिसरी मूठ पडली.