लोणचं घन की द्रव?

दोस्तांनो, आज एक सोपा प्रश्न विचारतो. कैरीचं लोणचं हा घनपदार्थ की द्रवपदार्थ? शास्त्राच्या तासाला असं विचारलं, तर तुम्ही "फोडी घन, खार द्रव" असं सांगून मोकळे व्हाल आणि गुरुजीही हसून गुण देतील. पण विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत असली वाटावाटी चालत नाही. तिथे अख्खं लोणचं द्रवात जमा! ठेचा, ओली चटणी, दही, जॅम, टूथपेस्ट, डोक्याला लावायचं जेल, सगळी मंडळी द्रवाच्याच पंगतीला. अमेरिकेतल्या तपासणी खात्याने तर शेंगदाण्याचं लोणीसुद्धा द्रव ठरवलं आहे. त्यांचं माप साधं आहे. जे सांडतं, पसरतं, ओतता येतं किंवा फवारता येतं, ते द्रव. आणि गंमत ऐका, तिथे पाण्याची बाटली गोठून दगड झालेली असेल तर ती आत जाते. तळाशी जरा जरी पाणी सुटलेलं दिसलं, की अडली!

तुम्ही म्हणाल, बीडच्या माणसाला या विमानाच्या उठाठेवी कशाला? खरं आहे. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. परळीला आगगाडी जुनी आहे, पण बीड शहरात ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. विमान धरायचं तर छत्रपती संभाजीनगर, पुणे, नाहीतर थेट मुंबई. पण आता जवळजवळ प्रत्येक गावातलं एखादं तरी लेकरू दुबईला, जर्मनीला, नाहीतर कुठल्याशा दूरच्या कॉलेजात असतं. त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत अख्खं गाव काही ना काही कोंबत असतं. म्हणून या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

आधी नियम काय तो सांगून टाकतो. परदेशी जाणाऱ्या विमानात आपण जी पिशवी हातात घेऊन चढतो, तिच्यात कुठलाही द्रव १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाही. अशा छोट्या बाटल्या कितीही असोत, त्या सगळ्या एक लिटर मावेल अशा एकाच पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत बसल्या पाहिजेत. माणशी एक पिशवी. इथे भलेभले फसतात, कारण मोजतात ती बाटली, आतला माल नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी दोन चमचे तेल उरलं असेल, तरी ती बाटली २०० चीच! तान्ह्या बाळाचं दूध आणि आजारी माणसाचं औषध यांना सूट असते. डॉक्टरची चिठ्ठी मात्र जवळ हवी. आणि जी मोठी बॅग आपण काउंटरवर वजन करून देऊन टाकतो, तिला ही १०० मिलिलिटरची अट नाही. देशातल्या देशात उडताना आपल्याकडे इतकी कडक मोजणी नसते. पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात.

हा नियम काही विमानांइतका जुना नाही बरं का. १० ऑगस्ट २००६ च्या सकाळी लंडनच्या विमानतळांवर एकदम गोंधळ उडाला. आदल्या रात्रीत पोलिसांनी काही तरुणांना पकडलं होतं. अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमानं उडवून देण्याचा त्यांचा कट होता, आणि त्यासाठी ते सरबताच्या साध्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून नेणार होते. त्या दिवशी लोकांना हातात काहीच नेऊ दिलं नाही म्हणा ना! पाकीट, पासपोर्ट, अगदी गरजेची औषधं, तीही पारदर्शक पिशवीत. बाळाचं दूध असेल तर ते आईला स्वतः चाखून दाखवावं लागलं. पण अशी संपूर्ण बंदी किती दिवस चालणार? सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेने आणि नोव्हेंबरात युरोपने १०० मिलिलिटरची तडजोड काढली. पुढे २००७ मध्ये ती जगभर पसरली.

खरं तर धोक्याची घंटा त्याच्या बारा वर्षं आधीच वाजली होती. डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपाईन्सहून जपानकडे निघालेल्या एका विमानात स्फोट झाला आणि एक प्रवासी दगावला. वैमानिकांनी हिकमतीने विमान उतरवलं म्हणून बाकीचे वाचले. ते स्फोटक डोळ्यांच्या भिंगांसाठी वापरतात त्या पाण्याच्या बाटलीतून आत आलं होतं. तरीही पुढची बारा वर्षं लोक सरबतं, अत्तरं, लोणची खुशाल हातात घेऊन हिंडत होते.

"मग यंत्र कशाला ठेवलंय?" असं तुमच्या मनात आलंच असेल. आमच्या आईच्याही आलं होतं. ते पुढे सांगतो. यंत्रातून आपली पिशवी सरकते तेव्हा तिच्यावर क्षकिरण पडतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. लोखंड-तांब्यासारखे धातू निळे दिसतात. अन्न, कागद, कापड, साबण हे नारिंगी दिसतात. पाणीही नारिंगी, आणि नको ते द्रवही नारिंगी! दोघांची घनता जवळपास सारखी असली, की सावलीवरून त्यांना ओळखायचं कसं? एका बाजूने घेतलेलं ते चपटं चित्र असतं. बाटली दिसते, पण बाटलीत काय आहे ते कळत नाही. म्हणून मग सगळ्याच मोठ्या बाटल्या बंद. मला हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा आळशीपणाचा वाटला होता. कारण वाचल्यावर तो नाइलाजाचा वाटू लागला. आवडला असं मात्र अजूनही म्हणणार नाही.

आता आईचं सांगतो. माझी धाकटी बहीण दुबईला असते. २०१९ मध्ये ती बाळंत होणार होती आणि तिला इकडे येणं जमणार नव्हतं. मग आईच निघाली. केज तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून पहिल्यांदाच विमानाला, तेही परदेशी! तिच्या सामानाची यादी केली असती तर या अंकात दुसरं काही मावलं नसतं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, बाळाच्या मालिशसाठी घाण्याचं तेल, दुपट्यांचा गठ्ठा. खसखशीची पुडी तेवढी मी बाहेर काढली. दुबईत खसखस न्यायला सक्त मनाई आहे. आपल्या अनारशांना लागणारी एवढीशी पुडी तिथे गुन्हा ठरते. तेल आणि लोणचं मोठ्या बॅगेत गेलं.

लोणच्याची बरणी बांधताना आई कुरकुरत होती, "येवढी फडकी कशाला गुंडाळायलास रं?" त्याचंही कारण आहे. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं. आतली हवा यंत्राने दाबून ठेवतात, पण जमिनीइतकी नाही. साधारण दोन-अडीच हजार मीटर उंच डोंगरावर जेवढा दाब असेल, तेवढाच तिथे असतो. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर; म्हणजे विमानात बसलेलं लोणचं कळसूबाईच्याही वर जाऊन येतं! बाहेरचा दाब कमी झाला की बरणीत अडकलेली हवा फुगते आणि झाकणाच्या फटीतून तेल बाहेर ढकलते. मग दुपट्यांना मोहरीचा वास! म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिक, वर चिकटपट्टी, त्यावर फडकी.

विमानतळाचं नाव सांगत नाही. मोठा होता एवढं पुरे. मलाही तिच्याबरोबर जायचं होतं म्हणून मी रांगेत मागेच उभा होतो. आईची हातातली पिशवी यंत्रातून गेली आणि बाजूला ओढली गेली. जवान तरुण होता, बोलायला नम्र होता. त्याने पिशवी उघडली. वर पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली. पाण्याचं मी आईला मोटारीतच सांगितलं होतं, पण "लागंल तवा पिऊ" म्हणून तिने ती पदराआड धरून ठेवली होती. आणि खाली, लुगड्याच्या घडीत, अर्ध्या लिटरची काकवीची बाटली! मामाच्या गुऱ्हाळावरची काकवी. लेकीला बाळंतपणात तीच लागते, अशी आईची ठाम समजूत. मोठ्या बॅगेत फुटेल म्हणून तिने ती मला न सांगता हातातल्या पिशवीत घातली होती.

काकवी जाणार नाही हे जवानाने सांगितलं. परत जाऊन मोठ्या बॅगेत टाकावी तर ती बॅग केव्हाच पट्ट्यावरून आत गेली होती. बाहेर कुणाच्या हाती द्यावी तर पोचवायला आलेली माणसं परतली होती. मला वाटलं, आता आई भांडणार. पण तिने बाटली एकदा हातात घेतली, उजेडात धरून रंग पाहिला आणि त्याच्या पिंपात स्वतःच ठेवली. टाकली नाही, ठेवली. म्हणाली, "जाऊ दी. मामा आणिक करंल."

मग त्याने पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. "माताजी, ये भी. उधर डाल दीजिए."

"काय टाकू? पाणी?"

"हां जी."

"कामून? पाणीच हाय की ते. यंत्राला दिसंना का?"

मी तिला थोडक्यात सांगितलं की यंत्राला नुसती बाटली दिसते, आतलं पाणी ओळखू येत नाही.

"मग पिऊन दावते की!"

पण नियमात "पिऊन दाखवा" असं कलम नाही. तिने पिंपात डोकावून पाहिलं. आत बाटल्याच बाटल्या. कुणी अर्धी प्यालेली, कुणाचं झाकणही न उघडलेलं. आई नुसती बघत राहिली.

दोस्तांनो, इथे तुम्हाला आमच्या तालुक्याची एक गोष्ट माहीत असायला हवी. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे केज तालुक्यातच आहे. लातूरसारख्या शहराची तहान ते भागवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. लातूरसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. एप्रिलमधल्या पहिल्या खेपेत दहा डब्यांमधून पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांत फोटो आले. आमच्या वस्तीला टँकर यायचा. तो यायच्या आधी घागरींची रांग लागायची आणि आई पहाटे चारला घागर ठेवून यायची. आंघोळीचं पाणी खाली परातीत धरून ते जनावरांच्या कामाला, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. भांड्यात उरलेलं पाणी तिने फेकलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही.

तिने बाटलीचं झाकण काढलं आणि तिथेच, रांगेच्या कडेला, वरून धार धरून प्यायला सुरुवात केली. पाव बाटली संपली. मग बाटली माझ्याकडे दिली. मीही प्यालो. मागे एक बाई दोन मुलांना घेऊन उभ्या होत्या, आईने त्यांच्याकडे बाटली केली, "उष्टं नाही बरं का बाई, वरूनच पिलोत." त्या आधी संकोचल्या, पण मुलांना तहान लागली होतीच. शेवटचे दोन घोट उरले तेव्हा आईने जवानालाच विचारलं, "तू पितूस का बाबा? सकाळधरून हुबा असशील." तो हसला, मान हलवली, आणि तेवढा वेळ थांबला. रांग त्याने बाजूने पुढे काढली. आईने ते दोन घोटही संपवले आणि बाटली उलटी करून दाखवली. रिकामी बाटली नेता येते. तपासणी ओलांडली की आत पिण्याच्या पाण्याचा नळ असतो. तिथे तीच बाटली पुन्हा काठोकाठ भरली.

विमानात मी विचारलं, "काकवीचं काही वाटलं नाही तुला?" ती म्हणाली, "वाटलं की. पण काकवी माणसानं केलेली हाय." आणि खिडकीतून ढग बघायला लागली.

नियम म्हटला की तो कुठेच वाकत नाही असं समजू नका. केरळात शबरीमलैला जाणारे भाविक नारळात तूप भरून डोक्यावर नेतात. तो नारळ हा त्यांच्या व्रताचाच भाग. एरवी विमानात नारळ हातात नेता येत नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारच्या सुरक्षा खात्याने यात्रेच्या दिवसांपुरती, २० जानेवारी २०२३ पर्यंत, तपासून नारळ न्यायची परवानगी दिली. पुढे २०२४ च्या हंगामातही दिली. नारळ तपासता येतो, तर काकवी का नाही, असं मला अजून वाटतं. पण यात्रेकरू हजारोंनी जातात आणि काकवी घेऊन निघालेली आई एकटीच असते, हेही खरं.

आता नवी यंत्रं येत आहेत. दवाखान्यात डोक्याचं सीटी स्कॅन करतात ना, तेच तंत्र. गॉडफ्रे हौन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने ते बनवलं आणि १९७१ मध्ये लंडनच्या एका इस्पितळात पहिल्यांदा एका रुग्णावर वापरलं. १९७९ चं नोबेल त्याला आणि ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळालं. हे यंत्र पिशवीभोवती फिरून अनेक कोनांतून चित्रं घेतं, त्यामुळे बाटलीतल्या द्रवाची घनता जास्त बारकाईने मोजता येते. एडिंबर्गसारख्या काही विमानतळांवर २०२५ मध्ये दोन लिटरपर्यंतची बाटली पिशवीतून बाहेर न काढताही जाऊ द्यायला सुरुवात झाली. सगळीकडे ही यंत्रं नाहीत. ती महाग आहेत आणि जड इतकी, की काही ठिकाणी आधी जमीनच भक्कम करावी लागते. शिवाय जाताना चाललेली बाटली येताना दुसऱ्या विमानतळावर अडू शकते.

मी हे आईला वाचून दाखवलं. तिने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या यंत्राला यकदा आमच्या टँकरचं पाणी दाव म्हणावं. काय काय निघतंय त्याच्यात, मला बी बघायचंय."